प्रार्थना, पॅच आणि पायी फिरणं: सिगारेट सुटते ती नेमकी कशामुळे?

सांजवारा

नमस्कार. व्यसनमुक्तीवरचे धागे इथे बरेच आहेत, पण श्रद्धेच्या अंगाने, त्यातही ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा प्रपंच.

चर्चमध्ये साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर उभं राहून सांगणं, ऐकतच मोठा झालो. "प्रभूला हाक मारली, पाकीट फेकलं, त्या दिवसापासून वासही नको वाटतो." अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि ती थापा मारत नव्हती. पण साक्ष द्यायला उभा राहतो तो ज्याची सुटली तोच. तेवढ्याच कळकळीने गुडघे टेकून, उपासना संपल्यावर इमारतीच्या मागे जाऊन जो शिलगावतो, तो कधी उभा राहत नाही. आणि दुसऱ्या प्रकारचे लोक पहिल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

माझी सुटली ती प्रार्थना, त्वचेवर चिकटवायचा निकोटीनचा पॅच आणि रोजचं पायी फिरणं ही तिन्ही एकत्र आल्यावर. यातलं एकेकटं आधी करून झालं होतं. आता मागे वळून पाहताना वाटतं की श्रद्धेने निकोटीनची ओढ कमी झाली नाही. ती सोसताना आपण एकटे नाही ही खात्री मिळाली, आणि पडलो तर परत यायला तोंड उरलं. बाकी शरीराचं काम शरीराच्या उपायांनीच झालं.

सिगारेटवर बोलताना लोक बायबलमधलं १ करिंथ ६:१९ काढतात: शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर. वचन मोठंच आहे, पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे व्यभिचाराबद्दल बोलतोय. तंबाखूचा बायबलमध्ये उल्लेख असणंच शक्य नाही, कारण १४९२पूर्वी अमेरिकेबाहेरच्या जगाला तिचा पत्ताच नव्हता. मला त्याच अध्यायातलं सात ओळी आधीचं वचन जास्त लागू पडलं. सगळ्याची मुभा असली तरी मी कशाच्याही सत्तेखाली जाणार नाही, असं तिथे पौल म्हणतो. पहाटे डोळे उघडायच्या आत हात उशाशी पाकीट चाचपायला लागला की सत्ता कुणाची आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

तुमचे अनुभव लिहा. श्रद्धा नसणाऱ्यांनीही लिहा.

अश्रद्ध_पण_सभ्य

निमंत्रण दिलंत म्हणून लिहितो. निकोटीनला बायबल कळत नाही. मेंदूतल्या ग्राहींना (निकोटीन जिथे जाऊन बसतं त्या जागांना) सवय लागलेली असते, पुरवठा थांबला की ते बोंबलतात, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक गप्प होतात. पॅचने बोंब कमी झाली, चालण्याने लक्ष दुसरीकडे गेलं. यात प्रभूचा वाटा कुठला? श्रेय पॅच बनवणाऱ्यांना द्या की.

सांजवारा

देतो. त्यांचे आभार प्रार्थनेतही मानले आहेत. पण पॅच पहिल्यांदा लावला तेव्हा मी तो आठवडाभरात काढून टाकला होता. तो चिकटवत राहायला कारण लागतं, ते औषधाच्या खोक्यात येत नाही. तुमच्याकडे ते दुसरं काही असेल, माझ्याकडे हे होतं.

श्वासोच्छ्वास

श्वसनविकार विभागात परिचारिका आहे. श्रद्धा-अश्रद्धा तुम्ही बघा, शरीराचं मी सांगते.

झुरका घेतल्यावर निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. इंजेक्शनही इतकं झटपट नसतं, म्हणून ही सवय इतकी घट्ट बसते. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणून दिवसभर पुन्हा पुन्हा हवीशी वाटते आणि रात्रभराच्या खंडानंतरची सकाळची पहिली सर्वांत हवीशी. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला लागते, त्याचं अवलंबित्व जास्त समजा. आम्हीही हाच प्रश्न आधी विचारतो.

सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं, भूक, उदासी. बद्धकोष्ठही होतं, हे कुणी सांगत नाही आणि माणूस घाबरतो. पण तल्लफेची एकेक लाट तीन ते पाच मिनिटांचीच असते. ती ओसरतेच, तुम्ही ओढा अगर न ओढा.

बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट. धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जास्त जोराने काम करतं आणि कॉफीतलं कॅफीन भराभर निकालात काढतं. धूर थांबला की तीच, तेवढीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री टक्क जाग. माणसाला वाटतं सिगारेट सोडल्यानेच जीव जातोय, आणि तो परत पेटवतो. पहिले काही आठवडे कॉफी निम्म्यावर आणा. मानसिक आजारावरचं क्लोझापिन, ओलान्झापिन किंवा दम्यावरचं थिओफिलिन चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगाच, कारण त्याच कारणाने या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

कसल्याही आधाराशिवाय सोडायला जाणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच. पॅच, निकोटीनचा गम किंवा व्हॅरेनिक्लिनसारखी तल्लफ कमी करणारी गोळी, आणि सोबत कुणाशी तरी नियमित बोलणं, याने हा आकडा चांगलाच वर जातो. पॅच सावकाश झिरपतो म्हणून दिवसभराला, आणि गम अचानक आलेल्या लाटेला. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त उपयोगी. गम सुपारीसारखा सतत चावू नका. थोडा चावून चुरचुरायला लागला की गालाशी दाबून ठेवा, नाहीतर उचक्या लागतात आणि मग "मला गम सोसत नाही" म्हणून लोक फेकून देतात.

करिंथकर

सगळ्यांचा आदर राखून. पॅच लावणं म्हणजे एका निकोटीनच्या जागी दुसरं निकोटीन. प्रभू बरं करतो तेव्हा पूर्ण बरं करतो, हप्त्याहप्त्याने नाही. धूम्रपान हे पाप आहे आणि पापाला पश्चात्ताप हाच उपाय. वैद्यकीय नाव दिलं की माणूस आपली जबाबदारी झटकतो.

पेत्राची_सासू

करिंथकर, तुमचा शब्द मोडायचा नाही, पण हप्त्याहप्त्याने बरं केल्याचं शुभवर्तमानातच आहे की. मार्क ८ काढा. बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसं झाडांसारखी दिसली. दुसऱ्यांदा हात ठेवावा लागला. प्रभूला चालतं तर आपल्याला का चालू नये?

आता पापाबद्दल. माझ्या घरात हे नाट्य पुष्कळ वर्षं चाललं. सासरे चर्चच्या मंडळीतले पुढारी, त्यामुळे नवऱ्याच्या सिगारेटवर घरात एकच वाक्य: हे पाप आहे. परिणाम काय झाला सांगते. सिगारेट सुटली नाही, लपवणं सुरू झालं. गाडीच्या डिकीत जादा शर्ट, खिशात पुदिन्याच्या गोळ्या, घरी आला की आधी थेट मोरीत. मग प्रभुभोजनाच्या रविवारी नेमकं डोकं दुखायला लागलं. मग उपासनाच सुटली. म्हणजे ज्या जागी आधार मिळायचा ती जागा त्याने सर्वांत आधी सोडली, आणि सिगारेट राहिली.

वळण आलं ते नव्या पाळकांमुळे. त्यांनी त्याला एकदा विचारलं, "दिवसातली कुठली सर्वांत जड जाते?" बस्, एवढंच. उपदेश नाही, वचन नाही. तो म्हणाला, रात्री जेवणानंतरची. ते म्हणाले, मी त्या वेळेला फोन करत जाईन. आणि खरंच करत राहिले. कधी क्रिकेट, कधी गाडीचा क्लच, शेवटी दोन वाक्यांची प्रार्थना. याकोब ५:१६ म्हणतं, एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. एकमेकांजवळ! एकाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आणि दुसऱ्याने उपदेश करायचा असं तिथे लिहिलेलं नाही.

पॅच त्यानेही लावला होता. माझ्या हाताने लावून दिलाय.

करिंथकर

मार्क ८चा मुद्दा मान्य. लाज दिल्याने माणूस दूर जातो हेही पाहिलं आहे. तरी पाप हा शब्द मी सोडणार नाही, कारण क्षमा पापाचीच होते. नुसता आजार म्हटलं तर क्षमा कशाची मागायची?

अश्रद्ध_पण_सभ्य

हे वाक्य मला पटत नाही, पण आवडलं.

जुनी_पानं

जरा इतिहास. चर्च आणि तंबाखूचं नातं वाटतं तितकं सरळ नाही.

पोप आठवे अर्बन यांनी १६४२मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलच्या धर्मप्रांतातल्या चर्चमध्ये तंबाखूवर बंदी घातली, मोडणाऱ्याला थेट बहिष्कृत करायची तरतूद. कारण आरोग्य नव्हे. मिस्सा (कॅथलिक उपासना) चालू असताना लोक, आणि धर्मगुरूसुद्धा, तपकीर ओढत आणि थुंकत, हे कारण. पुढे १७२५मध्ये तेराव्या बेनेडिक्ट पोपांनी तपकिरीला मोकळीक दिली. ते स्वतःही तिचे शौकीन होते असं सांगतात. प्रॉटेस्टंटांकडे बघायचं तर लंडनचा नामवंत उपदेशक स्पर्जन याने १८७४मध्ये व्यासपीठावरूनच सांगितलं की आज रात्री झोपण्याआधी मी देवाच्या गौरवासाठी सिगार ओढणार आहे. त्याच सभेत एका पाहुण्या उपदेशकाने नुकताच सिगार सोडण्यावर उपदेश केला होता. वर्तमानपत्रांत त्यावरून बरंच रण पेटलं. व्हॅटिकनने तर आपल्या आवारातली सिगारेट विक्री बंद केली ती २०१८ साली.

उलट बाजूला सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ. त्याच्या संस्थापकांपैकी एक एलन व्हाइट यांच्या १८६३च्या दर्शनापासून त्यांच्याकडे आरोग्य हा श्रद्धेचाच भाग झाला, आणि तंबाखू बाद. १९५०च्या दशकाच्या अखेरीस विंडर आणि लेमन यांनी कॅलिफोर्नियात रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा अ‍ॅडव्हेंटिस्टांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग अगदीच विरळा आढळला. सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध अजून वादात होता, त्या काळात ही गोष्ट फार मोलाची ठरली. याच संबंधावरचं डॉल आणि हिल यांचं ब्रिटनमधलं काम १९५०चं, अमेरिकी सर्जन जनरलचा अहवाल १९६४चा.

याच पंथातून १९६०च्या सुमारास 'पाच दिवसांची योजना' आली. एल्मन फोकनबर्ग हे पाळक आणि वेन मॅकफार्लंड हे डॉक्टर, या दोघांनी ती बसवली. सलग पाच संध्याकाळी गटाने जमायचं. भरपूर पाणी, फळं, कॉफी आणि दारू बंद, जेवणानंतर आरामखुर्चीत न बसता बाहेर फिरायला जायचं, दीर्घ श्वास, आणि "मी न ओढण्याचं निवडतो" हे वाक्य घोळवत राहायचं. श्रद्धा नसलेल्यांनाही दार उघडं होतं. श्वासोच्छ्वास ताईंनी कॉफीचं वर जे सांगितलं, ते या लोकांनी विकराचं नाव न घेता आधीच अमलात आणलं होतं. पाळक आणि डॉक्टर ही जोडीच मला त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

पुन्हा_शून्य

वाचत होतो फक्त, आता लिहितो. माझी बरीच महिने बंद होती. उपास, प्रार्थना, सगळं. गेल्या महिन्यात नोकरीत एक मोठं लफडं झालं, एकाने पुढे केली, घेतली. आता परत पूर्वीइतक्याच. प्रार्थना करायला बसवतच नाही. कुठल्या तोंडाने बसू? आणि पन्नाशी ओलांडली आहे, फुप्फुसाचं जे व्हायचं ते झालंच असणार.

पेत्राची_सासू

ज्याच्या सासूचं नाव घेऊन मी इथे लिहिते त्याचीच गोष्ट बघा. प्रभूला पकडलं त्या रात्री हा शिष्य, पेत्र, कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. योहान २१मध्ये प्रभू त्याला भेटतो तेव्हा कोंबड्याचा विषयसुद्धा काढत नाही. आधी न्याहारी देतो, मग तीनदा एकच प्रश्न विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. आणि लगेच काम सोपवतो. तुम्ही ज्याच्यासमोर बसायला लाजताय त्याची पद्धत ही आहे.

श्वासोच्छ्वास

पन्नाशीचं उत्तर माझ्याकडे. डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा केला, निष्कर्ष २००४मध्ये आले. तिशीत सोडणाऱ्यांना आयुष्याची सुमारे दहा वर्षं परत मिळाली, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. "जे व्हायचं ते झालं" असं गणित मुळी नाहीच. हृदयाचा धोका तर वर्षभरात बराच उतरतो.

घसरणं आणि परत व्यसनात जाणं यांत एक दिवसाचं अंतर असतं. त्या पहिल्या सिगारेटनंतर मनात येतं, "मोडलंच आता, जाऊ दे." ती पहिली जेवढं नुकसान करते त्यापेक्षा हे "जाऊ दे" जास्त करतं. बहुतेकांना कायमची सुटण्याआधी अनेकदा सोडावी लागते. मागचे महिने वाया गेले नाहीत, कुठे घसरता ते तुम्हाला आता माहीत आहे: ताण आणि कुणीतरी पुढे केलेलं पाकीट.

अश्रद्ध_पण_सभ्य

पुन्हा_शून्य, माझा देवावर विश्वास नाही, पण तुमच्या देवाने तुमच्यावर रागवायचा हक्क तुम्हीच परस्पर बजावताय असं दिसतंय.

राखेचा_बुधवार

आमच्याकडे कॅथलिकांत ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात काहीतरी सोडायची रीत. बरेच जण सिगारेट सोडतात. आयर्लंडमध्ये तर राखेचा बुधवार, म्हणजे या काळाचा पहिला दिवस, हाच राष्ट्रीय धूम्रपानविरोधी दिन असतो. कल्पना चांगली आहे. चाळीस दिवस म्हणजे अंगातली बोंब शांत व्हायला लागणाऱ्या काळापेक्षा जास्तच, शिवाय आजूबाजूला सगळेच काही ना काही सोडून बसलेले, त्यामुळे "का रे, घेत नाहीस?" हा प्रश्न येत नाही.

पण दोन खड्डे आहेत. पहिला रविवारचा. चाळिसांत रविवार मोजत नाहीत, म्हणून काही जण रविवारी सवलत घेतात. गोडधोड सोडलं असेल तर घ्या खुशाल. निकोटीनला सवलत कळत नाही. सहा दिवस निजवलेलं एका झुरक्यात उठून बसतं आणि सोमवार पुन्हा पहिल्या दिवसासारखा जातो. दुसरा खड्डा ईस्टरचा. ज्याने "ईस्टरपर्यंत" असं ठरवलेलं असतं तो चाळीस दिवस सोडत नसतो, वाट बघत असतो. मी अशा एकाला पुनरुत्थानाच्या मिस्सेनंतर पायऱ्यांवरच लायटर काढताना पाहिलंय, चेहऱ्यावर पुनरुत्थानाचाच आनंद!

रिकाम्या घराचा दृष्टांत (मत्तय १२) आठवतो ना? अशुद्ध आत्मा निघून जातो, घर झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं. तो आणखी सात जणांना घेऊन परततो. नुसतं सोडलं आणि त्या जागी काही ठेवलं नाही तर हेच होतं.

सांजवारा

त्या रिकाम्या घरात काय ठेवलं ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर बरं.

चालणं सर्वांत आधी. दहा मिनिटं झपझप चाललं तरी तल्लफ उतरते, हे मी आधी करून पाहिलं आणि नंतर वाचलं. संध्याकाळी ज्या वेळेला गॅलरीत उभा राहायचो त्याच वेळेला बूट घालून बाहेर. सुरुवातीला जिना चढताना धाप लागायची. ती कमी कमी होत गेली हे रोज कळत होतं, आणि तेवढा पुरावा मला पुरला.

प्रार्थनेचं म्हणाल तर लांबलचक प्रार्थना त्या अवस्थेत होत नाही, डोकं थाऱ्यावर नसतं. मी २३वं स्तोत्र मोठ्याने, अगदी सावकाश म्हणायचो. एका ओळीला एक श्वास. हाताला काहीतरी हवं म्हणून शर्टाच्या वरच्या खिशात, जिथे पाकीट असायचं तिथेच, चिठोऱ्यांची छोटी वही ठेवली. हात सवयीने तिथे जाणारच, गेला की वही यायची. तीत ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव लिहायचं. त्यात ऑफिसातल्या एका माणसाचं नाव सर्वांत जास्त वेळा आलंय, कारण तोच मला सर्वांत जास्त चिडवायचा.

झोप लवकर. आठवड्याचा एक दिवस खरोखर विसाव्याचा, कारण दमलेला माणूस घसरतो. वजन वाढलं, वाढतंच. पहिल्या वर्षात चार-पाच किलो बहुतेकांचं वाढतं. ते नंतर बघता येतं. दोन्ही लढाया एकदम काढू नका.

आणि राखदाण्या, लायटर, सगळं घराबाहेर. "पाहुण्यांसाठी" म्हणून एक ठेवायची नाही.

टोकदार

हे सगळं ठीक. पण श्रद्धेने दारू सोडलेले कितीतरी जण सिगारेट ओढतच राहतात, त्याचं काय? दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा सहसंस्थापक बिल विल्सन स्वतः एम्फिसीमा (फुप्फुसाचा विकार) आणि न्यूमोनियाने १९७१मध्ये गेला, अनेक दशकं ओढत होता. ते लोक देवाला म्हणतात त्या 'उच्च शक्ती'ने तिथे हात का आखडला?

जुनी_पानं

रास्त प्रश्न. डब्लिनचा मॅट टॅलबट बघा, दारूच्या आहारी गेलेला साधा मजूर. १८८४मध्ये दारू सोडली ती १९२५ला मरेपर्यंत शिवला नाही. त्याने तंबाखूही सोडली, पण ती दारूपेक्षा जड गेली असं त्याच्याबद्दल सांगतात. बिलच्या वेळी त्याच्या सभा धुराने भरलेल्या असायच्या, दारू सोडणाऱ्याला सिगारेट म्हणजे बक्षीस वाटायची. आजूबाजूचे सगळे ओढत असताना एकट्याची श्रद्धा किती पुरणार? गट लागतो तो यासाठीच, आणि तो न ओढणाऱ्यांचा लागतो.

करिंथकर

रोमकरांस पत्र, अध्याय ७. जे करू इच्छितो ते करत नाही, ज्याचा द्वेष करतो तेच करतो. पौलाला हा झगडा ठाऊक होता. टोकदार, हात आखडला असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

पुन्हा_शून्य

सगळ्यांचे आभार. पुढच्या सोमवारी सोडायची ठरवतोय. एकच विचारायचंय: आधी पाळकांशी बोलू की डॉक्टरांशी?

श्वासोच्छ्वास

डॉक्टरांशी, आणि सोमवारच्या आधी. व्हॅरेनिक्लिन द्यायचं ठरलं तर ते सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, मग तारीख थोडी पुढे जाईल, जाऊ द्या. पॅच असेल तर सोडायच्या दिवशीच सकाळी लावायचा.

पेत्राची_सासू

आणि पाळकांना आज रात्रीच फोन करा. त्यांना काही लिहून द्यावं लागत नाही.